इंजिनिअरिंगनंतर शिल्पकला: आधी माती, मग फौंड्री

कोल्हापुरात इंजिनिअरिंग करून शिल्पकलेकडे वळू पाहणारी मुलं-मुली नेहमी भेटतात. कुणी मेकॅनिकलचं, कुणी प्रॉडक्शनचं, कुणी सिव्हिलचं. शहरच तसं आहे. एका अंगाला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि दुसऱ्या अंगाला आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली चित्र-शिल्पांची परंपरा. बाबूराव पेंटरांनी (१८९०–१९५४) कुठल्या आर्ट स्कूलचं शिक्षण घेतलं नव्हतं. नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला, आणि शिवाजी चौकातला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळाही त्यांच्याच हातचा. यंत्राचं काम आणि मातीचं काम वेगळं मानायची रीत इथे नव्हतीच. मीही मेकॅनिकल करून या कामात आलो. वर्कशॉपमध्ये विचारायला येणाऱ्यांना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे एकदा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इंजिनिअरिंगची पदवी शिल्पकलेत उपयोगी पडते, चांगलीच पडते, पण साच्यापासून पुढे. मातीकामात तिचा उपयोग नाही. उलट सुरुवातीला ती आडवी येते. मध्यरेषा ओढली की दोन्ही बाजू सारख्या, असं आपण सवयीने धरून चालतो. माणसाचा चेहरा तसा नसतो. एक डोळा किंचित खाली असतो, नाक एका बाजूला झुकलेलं असतं, एक कान जास्त बाहेर आलेला असतो, आणि त्या फरकांमुळेच माणूस ओळखू येतो. दोन्ही बाजू सारख्या केल्या की चेहरा कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा होतो. इथे बहुतेक जण वैतागतात आणि जे आधीपासून येतं त्याच्याकडे पळतात: थ्रीडी स्कॅन, सॉफ्टवेअरमधलं मॉडेल, प्रिंट, त्यावरून साचा. वस्तू तयार होते, गुळगुळीतही होते, पण करणाऱ्याचा डोळा तयार होत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिली दोन वर्षं माती सोडायची नाही आणि फौंड्रीच्या नादाला लागायचं नाही.

शिकायचं कुठे, हा पहिला प्रश्न असतो. बी.एफ.ए.ला (ललित कलेच्या पदवीला) बारावीची कुठलीही शाखा चालते, त्यामुळे सायन्सवाल्याला दार बंद नाही. प्रवेश परीक्षा राज्याच्या सीईटी सेलची असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असतं. अभ्यासक्रम चार वर्षांचा. शिल्पकला हाच मुख्य विषय घ्यायचा तर मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (स्थापना १८५७) आधी डोळ्यासमोर येतं. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहेत. तिथे रेखाटनाची बैठक पक्की होते आणि बरोबरीने काम करणारी माणसं मिळतात. बावीस-तेवीस वर्षांचं वय असेल, घरची तयारी असेल, तर पुन्हा चार वर्षं घालवायला हरकत नाही. डोक्यावर कर्जाचे हप्ते असतील तर नोकरी ठेवून एखाद्या शिल्पकाराच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली काम करणं जास्त शहाणपणाचं. पुतळा करून घेणारा माणूस पदवी कधी विचारत नाही, केलेलं काम दाखवा म्हणतो. पदवी लागते ती कलाशिक्षकाची नोकरी करायची असेल तर.

आणखी एक शाळा इथे फुकट आहे, ती म्हणजे शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्पच्या कुंभार गल्ल्या. गणेशोत्सवाआधीचे तीन-चार महिने तिथे हात कमीच पडतात. माती कालवणं, साच्यात दाबणं, जोड मिटवणं, सोंड बसवणं ही कामं करून मातीचा ओलेपणा बोटांना कळायला लागतो, आणि हे पुस्तकातून येत नाही. मात्र तिथली एक सवय व्यक्तिशिल्पाला मारक आहे: ओल्या स्पंजने पृष्ठभाग घोटायची. गणपतीला ती शोभते. माणसाच्या गालावर ती फिरवली की खालचं हाड आणि वरचं मांस यांतला फरक पुसला जातो.

रेखाटनाला पर्याय नाही. रोज एक तास, पेन्सिलीने, समोर बघून, फोटोवरून नाही. प्लॅस्टिकची कवटी विकत घ्या आणि ती प्रत्येक बाजूने काढा. गालाचं हाड कानाकडे कसं जातं, खालच्या जबड्याचा कोपरा कुठे वळतो, भुवईची कड डोळ्यावर किती पुढे येते, हे कवटीवरून पाठ झालं की चेहऱ्यावर ते आपोआप दिसायला लागतं. शरीरशास्त्रासाठी तर कोल्हापूरकराने दुसरीकडे जायचं कारण नाही. वस्तादांची परवानगी घेऊन मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत वही घेऊन बसा. कानामागून निघून गळ्याच्या खळीपर्यंत येणारा स्नायू, मानेपासून खांद्यावर उतरणारा उतार, पाठीचे पंखे, हे सगळं तिथे हलताना दिसतं. कानही बघा. कुस्तीत घासून, रक्त साकळून कानाची पाळी आणि आतल्या घड्या एक होऊन जातात, कानाचा गोळा होतो. तो कान मातीत करायला घेतला की कळतं, साध्या कानाची रचना आपल्याला नीट माहीतच नव्हती.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. सुरुवात मापाच्या, म्हणजे खऱ्या माणसाएवढ्या, अर्धपुतळ्याने करा, छातीच्या वरच्या भागापर्यंत. समोर बसणारा माणूस घरातलाच निवडा, म्हणजे आठवडे गेले तरी तो उठून जात नाही. वयस्कर चेहरा सोपा पडतो, कारण हाडं आणि सुरकुत्या वाट दाखवतात. लहान मूल आणि तरुण मुलगी सगळ्यांत अवघड.

सांगाडा: १८ मिमी प्लायचा दीड फूट चौरस पाट, खाली दोन पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे उचलताना बोटं जातात आणि पाट बाक घेत नाही. मधोमध फ्लँज (पाइप उभा धरणारी लोखंडी चकती) बसवून त्यात पाऊण इंची पाइप, मानेच्या वरपर्यंत. पाइपाच्या टोकाला जाड ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन वळसे, डोक्याच्या आकाराचे पण सगळीकडून दोन इंच आत. खांद्यासाठी आडवी पट्टी. तारेच्या पोकळीत फुलपाखरं लोंबकळत सोडायची: लाकडाचे दोन छोटे तुकडे फुलीसारखे बांधून बांधणीच्या तारेने टांगलेले. माती त्यांना धरून राहते. फुलपाखरं नसतील तर डोक्याचा भार दोन-तीन दिवसांत खाली सरकतो, हनुवटी छातीत रुतायला लागते आणि मान आखूड का दिसते ते कळत नाही. पाइपाला आणि तारेला आधी ऑइल पेंटचा हात मारा. ओल्या मातीत लोखंड गंजतं आणि लाकूड फुगून वरच्या मातीला तडे देतं.

माती शाडूची, साधारण ४० किलो. एक दिवस भिजवून, मळून, हाताला चिकटणार नाही पण दाबल्यावर कडेला चिरणार नाही इतपत. रात्री काम झाकताना ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक. फडकं पिळून घ्यायचं, थबथबीत नको, नाहीतर नाकाचा शेंडा सकाळी खाली आलेला असतो. वाळलेल्या थरावर नवा ओला थर कधी चढवू नका. तो आकसताना पापुद्र्यासारखा सुटतो. आधी जुना भाग खरवडून ओला करा, मग माती लावा.

माप घ्यायचं ते हाडांवरच्या ठरलेल्या ठिकाणांचं, मांसावरचं नाही. बाहेरच्या कॅलिपरने (बाहेरून अंतर मोजायच्या दोन पायांच्या चिमट्याने) कानाच्या भोकापासून हनुवटी, कानाच्या भोकापासून नाकाचं मूळ, कानाच्या भोकापासून डोक्याचा मागचा भाग, गालांच्या हाडांमधलं अंतर, हनुवटीपासून केसांची कड. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत २२–२४ सेंटिमीटर असतं आणि डोळ्यांची रेषा त्याच्या जवळपास मध्यावर येते. नवशिक्याची रेषा हमखास वर जाते, कपाळ लहान होतं, कारण बघताना आपलं सगळं लक्ष डोळे-नाक-तोंडावर असतं. दुसरी हमखास चूक कवटीच्या मागच्या भागाची. बाजूने बघितलं तर डोक्याची खोली जवळजवळ उंचीइतकी असते आणि कान मध्यरेषेच्या मागे असतो. मागचा भाग कमी पडला की समोरून कितीही साम्य आणलं तरी पुतळा मुखवट्यासारखा दिसतो. पहिले काही दिवस डोळे काढायचेच नाहीत. कवटी, जबडा, मान, खांदे यांचे मोठे उतार बसेपर्यंत डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या असू द्या.

माप इतकंच. त्यापुढे बाह्यरेषा. फिरता स्टँड आणि समोरची खुर्ची दोन्ही सारखी थोडी थोडी फिरवायची आणि प्रत्येक कोनातून कडेची रेषा जुळवायची. समोरून आणि बाजूने रेषा जुळली म्हणून काम झालं असं नाही. खरं साम्य पाऊण बाजूच्या, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनाच्या, रेषेत असतं, जिथे कपाळ, गालाचं हाड आणि तोंडाचा कोपरा एका वळणात येतात. कामाची जागा अशी हवी की उजेड एका बाजूने, वरून येईल. छताला लावलेल्या ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात खोली कळत नाही. आणि आठवड्यातून एकदा उजेडाची दिशा बदलून बघा. एका बाजूने सुरेख दिसणारा गाल दुसरीकडून सपाट निघतो.

असे डझनभर अर्धपुतळे केल्याशिवाय साच्याकडे वळू नये असं मला वाटतं. केलेली माती मोडायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा त्याच पाटावर चढवायची. फोटो तेवढे आठ बाजूंनी काढून ठेवायचे.

साच्यापासून मात्र इंजिनिअरला घरी आल्यासारखं वाटतं. पहिला साचा तोडायचा साचा असतो, म्हणजे त्यातून एकच प्रत निघते आणि साचा छिन्नीने फोडावा लागतो. कानाच्या मागून टाळूवरून जाणारी रेषा आखून तिच्यावर पातळ पत्र्याच्या पट्ट्या एकाला एक चिकटून खोचायच्या, दीड इंच बाहेर राहतील अशा. प्लास्टर ऑफ पॅरिस कालवताना नेहमी पाण्यात प्लास्टर टाका, प्लास्टरमध्ये पाणी नाही. १० किलोला साधारण ७ लिटर. मुठीने भुरभुरत सोडायचं, वर बेटं दिसेपर्यंत. मिनिटभर भिजू द्यायचं, मग हात बुडवून तळातून ढवळायचं, म्हणजे हवा शिरत नाही. पहिल्या थरात थोडी नीळ किंवा गेरू घाला. हा रंगीत थर ३–४ मिमीचा, हाताने उडवून लावायचा, म्हणजे नाकपुड्यांत आणि कानाच्या घड्यांत बुडबुडे अडकत नाहीत. पुढे साचा फोडताना रंग दिसला की आता खाली काम आहे, छिन्नी हळू, हे कळतं. त्यावर पातळ मातीपाण्याचा हलका हात मारून काथ्या घातलेला पांढरा थर, इंचभर जाडीचा. एका अर्धपुतळ्याला २५–३० किलो प्लास्टर लागतं.

प्लास्टर दहा-बारा मिनिटांत घट्ट व्हायला लागतं आणि मग गरम होतं. गरम होऊन पुन्हा थंड पडेपर्यंत साचा उघडू नये. उघडं राहिलेलं, हवा लागलेलं पोतं वापरलं तर ते उशिरा धरतं आणि खडूसारखं ठिसूळ राहतं. लवकर धरावं म्हणून काही जण मीठ टाकतात, त्यानेही ताकद कमी होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात म्हणूनच एक पोतं संपल्यावरच दुसरं फोडायचं आणि सगळी पोती जमिनीपासून वर, फळीवर ठेवायची. नदीकडच्या सखल भागात वर्कशॉप असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून फळी माणसाच्या उंचीवर घ्या.

साचा सुटल्यावर माती काढून धुऊन वाळवायचा, आणि इथे घाई महागात पडते. ओल्या प्लास्टरमध्ये पॉलिएस्टर रेझिन (फायबरची प्रत ज्याने करतात तो चिकट द्रव) नीट धरत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो आणि तो चिकटपणा पुढे कितीही दिवस ठेवला तरी जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये साचा नुसता ठेवून वाळत नाही. आत बल्ब टांगून, वर कापड टाकून संथ ऊब द्यावी लागते. पण ५० अंशांच्या वर नेऊ नका, प्लास्टरमधलं बांधलेलं पाणीच उडून जातं आणि साच्याची भुकटी पडायला लागते. वाळलेल्या साच्याला लाखेचे दोन-तीन हात, मग मेणाच्या पॉलिशचे तीन-चार.

फायबरची प्रत काढताना मोजकं साहित्य लागतं: एका अर्धपुतळ्याला साडेतीन किलोच्या आसपास रेझिन आणि किलोभर ग्लास मॅट (काचेच्या धाग्यांची चादर). आधी जेलकोट (पृष्ठभागावर येणारा रेझिनचा पहिला थर), अर्धा मिलिमीटर. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही असा झाला की ३०० ग्रॅमच्या मॅटचा एक थर, त्यावर ४५० चे दोन. मॅट फाडून लावायची, कात्रीने कापलेली कड उमटते. कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालायचं रसायन) एक टक्का रेझिनमध्ये आधी पूर्ण मिसळून घ्यायचा, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) वापरायच्या क्षणी. ही दोन रसायनं एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटात ठेवायच्या आणि मदतनीसाला हे पहिल्या दिवशी सांगायचं. हार्डनर एप्रिल-मेमध्ये एक टक्का पुरतो, पावसाळ्यात आणि थंडीत दोनपर्यंत जावं लागतं. एका वेळी अर्धा किलोच कालवा. मोठ्या डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून हातात घट्ट होतं. मास्क कापडी चालत नाही, वाफ अडवणाऱ्या फिल्टरचा हवा. घासकाम करताना फुल बाह्यांचा शर्ट आणि चष्मा. फायबरची धूळ अंगाला खाजते हे किरकोळ. फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही.

आता फौंड्री. इथल्या बहुतेक फौंड्र्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आहेत, वाळूच्या साच्यात गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या. पुतळ्याचं ब्राँझ ओतणारी जागा निराळी असते, पद्धतही मेणाची. मूळ प्रतीवर सिलिकॉन रबराचा साचा, त्यात ५ मिमी जाडीचं मेण, आत कोअर (प्रत पोकळ ठेवणारा गाभा), बाहेर मेणाचेच रनर (धातू आत जायच्या वाटा) आणि रायझर (धातू आकसताना भर घालणारे साठे), त्यावर प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचं आवरण. मेण वितळवून काढायचं, मग साचा ६०० अंशांच्या वर कोरडा भाजून घ्यायचा. भाजणी कमी झाली तर आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. यापेक्षा धोकादायक क्षण या धंद्यात नाही. भाजलेल्या साच्याचा तुकडा फोडून बघा, आत काळी झाक असेल तर मेणाचा कार्बन अजून शिल्लक आहे, भट्टी चालू ठेवायची.

धातू बहुधा गनमेटल: तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. ओतताना तापमान ११०० ते ११८० अंश. किती धातू लागेल याचा हिशोब मेणावरून होतो: मेणाच्या वजनाला नवाने गुणलं की प्रतीचं वजन, दहाच्या जवळ धरलं तर जाडीच्या फरकाला जागा राहते. मेण तीन किलो भरलं तर धातूची प्रत २७–३० किलो, आणि रनर-रायझर धरून मूस (धातू वितळवायचं भांडं) ४० किलोची तयार ठेवायची. भाव किलोवर असतो, त्यामुळे मेणाची जाडी ५ ऐवजी ७ मिमी झाली की बिल थेट दीडपटीकडे जातं. शिवाय जाड जागा सावकाश थंड होते आणि तिथे खड्डा पडतो. हनुवटीखाली, कॉलरच्या घडीत, फेट्याच्या पिळात मेण साचतं. तिथे आतून खरवडून जाडी सारखी करायला एक आख्खा दिवस द्या. रायझर नेमका कुठे हवा, धातू कुठून आधी थंड होईल, हा विचार इंजिनिअरला शिकवावा लागत नाही. आकसणं मेणात आणि धातूत मिळून दोन-तीन टक्क्यांचं धरा. हेही एक कारण आहे की व्यक्तिशिल्प मापापेक्षा थोडं मोठं करतात. दुसरं कारण असं की अगदी मापाचा पुतळा उघड्या जागेत लहानच वाटतो.

मोठ्या सार्वजनिक पुतळ्याकडे नवख्याने लगेच जाऊ नये, पण ते काम कसं चालतं ते आधीपासून बघत राहावं. कावळा नाक्यावरचा रवींद्र मेस्त्री यांचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा सगळ्या बाजूंनी फिरून बघा. मागच्या पायांवर उभारलेल्या घोड्याचा भार खाली कुठून उतरत असेल याचा विचार करा आणि वहीत बलांची आकृती काढा. मग त्याच पुतळ्याची बाह्यरेषा काढा. दोन्ही वह्या एकाच माणसाच्या हव्यात. उंच चौथऱ्यावरचा पुतळा खालून बघितला जातो, त्यामुळे डोकं आणि छाती आखूड दिसतात. करताना डोकं किंचित मोठं आणि पुढे झुकलेलं ठेवावं लागतं. छोटी प्रतिकृती स्कॅन करून थर्माकोलमध्ये सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर) मोठी कापून घेण्याची सोय आज आहे आणि ती जरूर वापरावी, पण वरचा मातीचा थर पुन्हा हाताने, चौथऱ्याच्या उंचीवर चढवूनच करायचा. दोन फुटी मॉडेलवरची पापणी नऊ फुटांवर नुसती मोठी करून चालत नाही, तिची सावली वेगळी पडते.

परवानग्यांचं काम चिकट आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक जागेत पुतळा उभारायचा तर मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता आणि जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. समितीची माणसं वर्कशॉपमध्ये येतात आणि प्रत्येकाच्या मनातला चेहरा वेगळा असतो. एकाने फेटा वाढवायला सांगितला, दुसऱ्याने नाक. हे थांबवायला एकच उपाय: अंतिम मातीकाम बघून झाल्यावर आठ बाजूंचे फोटो चिकटवलेल्या कागदावर सगळ्यांच्या सह्या, तारखेसह. सह्या झाल्याशिवाय साच्याचं पोतं फोडायचं नाही. पैशांचे टप्पेही तसेच बांधावेत: काम घेताना ३० टक्के, मातीला मान्यता मिळाल्यावर ३०, धातू ओतायच्या आधी ३०, बसवल्यावर १०. धातूचा पैसा ओतायच्या आधीच हातात हवा, कारण तांब्याचा भाव मधल्या काळात वर गेला तर फरक शिल्पकाराच्या खिशातून जातो. करारात धातूचा भाव कुठल्या तारखेचा धरला ते लिहा. पालिका किंवा सरकारी कामाला जीएसटी नंबर मागतात, तो आधीच काढून ठेवा.

नोकरी केव्हा सोडायची, याचं उत्तर मी असं देतो: हातात दोन कामांची आगाऊ रक्कम असेल आणि त्याशिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तेव्हा. त्याआधी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चार-पाच कामं मांडून बघा. कोल्हापुरात प्रदर्शन बघायला येणारा माणूस जाणकार असतो, थेट तोंडावर बोलतो, आणि पहिली कामं बहुधा तिथूनच मिळतात. शाळेच्या संस्थापकाचा, सोसायटीच्या चेअरमनचा, कुणाच्या आजोबांचा अर्धपुतळा, अशी. फोटो एकच असतो, तोही पासपोर्टचा, समोरून काढलेला. अशा वेळी त्यांच्या मुलाला किंवा भावाला बसवून बाजूची रेषा घ्या. कवटीची ठेवण घराण्यात पुष्कळदा उतरते.

बसवण्याचं काम हा शेवटचा टप्पा, आणि तिथे पदवीची किंमत पुरेपूर वसूल होते. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. त्यानंतर आतल्या सांगाड्याबद्दल लोक विचारायला लागले, पण शिल्पकाराने तो प्रश्न पहिल्या रेखाटनापासून विचारायला हवा. ब्राँझच्या आत साध्या लोखंडाचा सांगाडा थेट चिकटवला आणि तिथे पाणी पोचलं, तर दोन धातूंच्या जोडीने लोखंड झपाट्याने गंजतं. गंज फुगतो, जोड उघडतात. म्हणून सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, बोल्टही त्याच जातीचे, आणि दोन धातूंमध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती. वाऱ्याचा दाब, पायांतल्या सळ्यांची खोली, काँक्रीटमधलं गाडणं, हा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीसकट करून घ्या, स्वतः इंजिनिअर असलात तरी. तळाशी, पायांच्या टाचांजवळ आणि घोडा असेल तर पोटाखाली, पाणी निघायला १० मिमीची भोकं ठेवायची. ब्राँझच्या जोडातून पाणी शिरतंच, ते बाहेर जायला वाट हवी. रंगाची झाक दिल्यावर वरून मेणाचा हात, तो दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा. आणि पहिल्या जोरदार पावसानंतर स्वतः शिडी लावून बघायचं, ती भोकं मातीने किंवा कबुतरांच्या घरट्याने बुजली तर नाहीत ना.